'अ डबल लाइफ'ची डिस्क घ्यावी का?

प्रश्न: १९४७चा, जॉर्ज क्युकरचा. ऑथेल्लोचं, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकातल्या बायकोवर संशय घेणाऱ्या नवऱ्याचं काम करता करता नटाच्या डोक्यात तोच संशय शिरतो तो सिनेमा. यूट्यूबवर पाहिला पण प्रिंट इतकी धुरकट की अंधारातलं काहीच दिसेना. ब्लू-रे घेऊ का?

प्रतिसाद १: घेच! मिल्टन क्रॅस्नरचा कॅमेरा आहे, फूटलाइट्सचा झगझगाट आणि त्यात रोनाल्ड कोलमनचा काळा रंग फासलेला चेहरा, हे धुरकट प्रिंटमध्ये पार मरतं. कोलमनला ऑस्कर याच्यासाठीच मिळालं, मिक्लोश रोझालाही संगीताचं.

प्रतिसाद २: फक्त रीजन बघ हं, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते ते; अमेरिकन डिस्क रीजन ए असेल तर आपल्याकडचे रीजन सीचे प्लेअर ती घेत नाहीत. आणि शेली विंटर्सची वेट्रेस नीट बघ, काय काम केलंय पोरीने!