लिस्ट कायम सॉर्टेड ठेवायची की लागेल तेव्हा सॉर्ट मारायची?

रात्रपाळी: पायथनमध्ये आकडे क्रमाने हवेत म्हटलं की लोक डोळे झाकून बायसेक्ट मॉड्यूलचं इनसॉर्ट (नवा आकडा थेट त्याच्या योग्य जागी घुसवणारं फंक्शन) लावतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा ही फुकटची मेहनत आहे. जागा शोधायला लाखभराच्या लिस्टमध्ये 17च तुलना लागतात, मान्य, पण मधे एक घुसवला की त्याच्या पुढचे सगळे एकेक घर सरकतात ते कोण मोजणार? लाखभर रँडम आकडे असे घातले तर सरकवासरकवी 250 कोटींच्या घरात जाते. सरळ अपेंड करा, म्हणजे शेवटाला जोडत जा, आणि शेवटी एकदा सॉर्ट करा ना.

कोरीपाटी: ते सरकवणं आत सी भाषेतल्या वेगवान कोडमध्ये होतं हो, पायथनचा लूप नाही फिरत, लाखाला काही सेकंदांत उरकतं. आणि "शेवटी" म्हणजे कधी? लाइव्ह लीडरबोर्डला शेवट नसतो, स्कोअर आला की लगेच रँक दाखवावी लागते.

रात्रपाळी: तरीही सॉर्टच. पायथनच्या सॉर्टमागचा टिम पीटर्सचा 2002 चा टिमसॉर्ट आधीच क्रमात असलेला तुकडा ओळखतो, त्यामुळे थोडे नवे स्कोअर साठवून सॉर्ट मारला तर जवळपास एका फेरीत काम होतं.

कोरीपाटी: एक फेरी म्हणजे लाखभर तुलना! माझ्या 17 कुठे आणि त्या कुठे, तेही प्रत्येक स्कोअरला. साठवून ठेवायची मुभा असेल तर तुमचं बरोबर, पण इथे ती नाहीच.

घाटावरचा: दोघंही साध्या लिस्टलाच धरून बसलाय. दहा लाखांवर गेलात की सरकवणं शंभरपट होतं, मग इनसॉर्टही रडतं. सॉर्टेडकंटेनर्स ही पायथनची लायब्ररी वापरा, ती आत छोट्या छोट्या लिस्ट ठेवते त्यामुळे फक्त एक तुकडा सरकतो. जावावाले ट्रीसेट (कायम क्रमात राहणारा संच) घेतात पण तिथे जपून, कंपॅरेटरमध्ये, म्हणजे तुलनेच्या नियमात, नुसते मार्क घेतले तर 82 मार्कांची दोन पोरं आली की दुसरं घेतच नाही, एरर नाही काही नाही, अ‍ॅड नुसतं फॉल्स देतं आणि ते कोणी बघत नाही. रोल नंबरही तुलनेत घाला.

रात्रपाळी: लायब्ररीचं पटलं. पण दोनशे नावांच्या ड्रॉपडाउनसाठी कोणी ती आणली तर मी रिव्ह्यूमध्ये अडवणारच, तिथे सॉर्टेड फंक्शनची एक ओळ बास आहे.