मदत हवी आहे: झोन फाइलमध्ये डीकेआयएमचा टीएक्सटी रेकॉर्ड टाकला की एरर येतोय

नमस्कार मंडळी, बाइंड या डीएनएस सर्व्हरवरच्या एका झोन फाइलमध्ये (डोमेनचे रेकॉर्ड ठेवणारी फाइल) २०४८ बिटची डीकेआयएम की (ईमेलवरची डिजिटल सही तपासायची की) टीएक्सटी म्हणजे मजकुराच्या रेकॉर्डमध्ये टाकायचीये. अख्खी की एकाच अवतरणात टाकली तर नेम्ड-चेकझोन (झोन फाइल तपासणारी कमांड) 'रॅन आउट ऑफ स्पेस' म्हणतं, ते कळलं, टीएक्सटीमधल्या एका स्ट्रिंगला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणून कंस उघडून दोन तुकडे केले, दोन्हींना वेगळी अवतरणं, तर आता 'अनबॅलन्स्ड कोट्स' येतंय आणि झोन लोडच होत नाही. अवतरणांच्या जोड्या बरोबर आहेत, कंस बंद आहे, सिरियल म्हणजे झोनचा आवृत्ती क्रमांकही वाढवलाय.

पहिला तुकडा एडिटरमध्ये दोन ओळींवर दिसतो, तो नुसता रॅप झालाय की कॉपी करताना मधे खरंच एंटर घुसलाय हे कमांड लाइनवर कसं बघायचं? आणि अवतरणाच्या आतल्या सेमिकोलनला बॅकस्लॅश लागतो का? बाहेर असेल तर पुढचं सगळं कॉमेंट धरलं जातं एवढं माहितीये.

सध्या रीलोड फसला तरी मेमरीतला जुना झोन चालू आहे म्हणून निभावतंय, पण सर्व्हर रीस्टार्ट झाला तर सगळं डोमेन सर्व्हफेल (सर्व्हरला उत्तर देता येत नाही असा एरर) देईल, त्याचीच जास्त काळजी वाटतेय. कुणाकडे चालू असलेला असा रेकॉर्ड असेल तर की खोडून नुसती मांडणी टाका प्लीज.