मदत हवी आहे: मॉडेल विमानाला १६×८ चा प्रॉप (पंखा) ठेवू की १७×६ लावू?
मंडळी, माझ्या रिमोटवरच्या विमानाला २० सीसीचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन आहे, १६×८ चा लाकडी प्रॉप (व्यास १६ इंच; पिच, म्हणजे एका फेरीत पुढे सरकायचं अंतर, ८ इंच). जमिनीवर फुल थ्रॉटलला टॅकोमीटर ८,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) दाखवतो, तक्रार नाही. पण आयडलवरून (इंजिन सर्वांत हळू चालत असताना) थ्रॉटल झटकन दिला की घुटमळतं, कधी बंदच पडतं. लो नीडल (कार्ब्युरेटरवरचा, कमी थ्रॉटलला किती इंधन जावं ते ठरवणारा स्क्रू) पाव फेऱ्याच्याही निम्मीच उघडली, तर उचल सुधारली, पण आता आयडलला नुसता धूर आणि फडफड. हाय नीडल (फुल थ्रॉटलसाठीचा तसाच स्क्रू) मुद्दाम जरा रिच, म्हणजे इंधन जास्त, ठेवलीय. हवेत प्रॉपवरचा भार हलका होऊन आरपीएम चढतात, तेव्हा मिश्रण लीन (इंधन आणि त्यातलं तेल कमी) व्हायला नको. (पिस्टनवरचे ओरखडे एकदा पाहिलेत, पुरे झाले!)

मला सरळ वर खेचणारा जोर हवाय आणि उतरताना वेग कमी. मग १७×६ बरा ना? की आधी नीडलचं निस्तरू? आणि प्रॉप बदलल्यावर तुम्ही दोन्ही नीडल पुन्हा लावता, की फक्त हाय?