आलेख सुबक काढतात पण वाचता येत नाही, काय करू?

खडूधूळ:
सातवीला जोडस्तंभालेख (दोन-दोन स्तंभ शेजारी काढून तुलना) चालूय. पोरं पट्टी लावून मस्त काढतात, रंगबिंग भरतात, पण यातून काय दिसतं विचारलं की माझ्याच तोंडाकडे बघत बसतात. आणि प्रमाण, आकडे काहीही असोत, डोळे झाकून १ सेमी = १० एकक. हाताने करता येईल असं काही सुचवा ना, प्रोजेक्टर वगैरे नाहीये.

मागचा बाक:
पुस्तकातले आकडे आधी बाजूला ठेवा ताई. ३० सेमीची पट्टी घ्या, एकाने वरून उभी धरायची, दुसऱ्याने खाली शून्यापाशी बोटं उघडी ठेवायची, पहिल्याने न सांगता सोडायची आणि कितीवर पकडली ते लिहायचं. उजवा हात ५ वेळा, डावा ५ वेळा, सरासरी काढली की जोडस्तंभालेखाचा माल तयार. आता १७ आणि १९ सेमी तुमच्या त्या १० च्या प्रमाणात काढायला लावा, दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखेच दिसतात आणि मग जिंकलेला पोरगाच भांडतो की माझा फरक दिसत नाहीये, प्रमाण बदला! जाता जाता, २० सेमीवर पकडली म्हणजे पकडायला साधारण ०.२ सेकंद लागले, हे सांगाच, डोळे मोठे होतात.

कंपासपेटी:
+१. वृत्तालेखाला (पाय चार्ट) कागदाची लांब पट्टी. मुलं २४ असतील तर २४ सारखे चौकोन, प्रत्येकाने आवडत्या खेळाच्या रंगाने एक रंगवायचा, एक रंग सलग. हा झाला आडवा स्तंभ. टोकं जोडून गोल करा, कागदावर ठेवून रंग बदलतो तिथून मध्यापर्यंत रेघा मारा, झाला वृत्तालेख. एका मुलाचे १५ अंश का, ते मग फळ्यावर सांगावं लागत नाही.

तासिका ३५ मिनिटं:
सगळं छान आहे हो, पण पोर्शन कोण संपवणार? आमच्याकडे पट्टी पकडण्यातच अख्खा तास गेला, वर शेजारच्या वर्गातून तक्रार.

मागचा बाक:
गोंगाट होणारच सर. आकडे एका तासाला, आलेख घरून.

खडूधूळ:
आज केलं!! एका जोडीने सलग पाच वेळा १ सेमी लिहून आणलं. शेजारची मुलगी लगेच, "मॅडम, हा सोडायच्या आधीच पकडतोय, याचे आकडे धरायचे का?" त्यावर जी जुंपली त्यात तास संपला, आलेख उद्या.