मदत हवी आहे : मकावची मूर बराक आणि गोव्याची पलटण

२० डिसेंबरला मकावमध्ये वारसा-फेरी आखतो आहोत. १९९९ साली याच दिवशी पोर्तुगालने मकाव चीनकडे सोपवले आणि तो विशेष प्रशासकीय प्रदेश झाला, म्हणून तिथे सुट्टी असते.

सकाळी ८ वाजता गोल्डन लोटस चौकात ध्वजारोहण आहे. तिथून आधी सेंट पॉल चर्चचे भग्न दर्शनी भिंताड (१८३५ च्या आगीतून एवढेच वाचले) गाठायचे, कारण उशीर झाला की त्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. मग सेनादो चौक, दोम पेद्रो नाट्यगृह, लिलाउ चौक असे दक्षिणेला उतरत आ-मा मंदिर. फरसबंदीचे दगड ओले असले की घसरतात, तेव्हा रबरी तळाचे बूट हवेत.

खरी ओढ आहे ती आ-मा मंदिराजवळच्या मूर बराकीची, म्हणजे शिपायांच्या निवासाच्या इमारतीची. पोलिसांच्या मदतीला गोव्याहून आणलेल्या हिंदी पलटणीसाठी ती १८७४ साली बांधली. आता तिथे सागरी खात्याची कचेरी आहे, त्यामुळे कमानींच्या व्हरांड्यापलीकडे जाता येत नाही.

जाणकारांना दोन प्रश्न :

सुट्टीच्या दिवशी व्हरांडा तरी उघडा असतो का?

दुसरा जास्त महत्त्वाचा. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता, पण ही पलटण त्यानंतरची. मग तिची हजेरीपटे किंवा पगारपत्रके पणजीच्या पुराभिलेखागारात शोधावीत, की लिस्बनला? पणजीत कोणी पाहिली असतील तर दप्तराचे नाव नक्की कळवा. त्या शिपायांची गावे कळायला हवीत.