दुसरा हेन्री फ्रान्समध्ये बसून थेट न्यूकॅसलपर्यंत वचक कसा ठेवायचा?

निवांत_वाचक
मंडळी, नोकरीमुळे सध्या उत्तर इंग्लंडातल्या न्यूकॅसलला आहे. परवा पाहुणे आले म्हणून त्यांना इथला किल्ला दाखवायला नेलं. मधला जाडजूड चौकोनी बुरूज दुसऱ्या हेन्रीने 1170च्या दशकात बांधून घेतलाय म्हणे. आता हा माणूस 1154 ते 1189 इंग्लंडचा राजा, आणि त्यातली 20च्या वर वर्षं समुद्रापलीकडे, फ्रान्समधल्या आपल्या नॉर्मंडी-आंजू या मुलुखांकडे. त्याच्या आधीच्या स्टीफन राजाच्या काळात तर ज्याच्या हाती ससा तो पारधी. मग इतक्या लांबच्या मुलुखावर याचा हुकूम चालायचा कसा? नुसत्या सैन्याच्या जोरावर?

गडवेडा
सुरुवात किल्ल्यांपासूनच झाली. यॉर्कशरमध्ये विल्यम ऑफ ओमाल म्हणून एक अर्ल (म्हणजे बडा सरदार) होता, हंबर नदीच्या उत्तरेला स्टीफनपेक्षा हाच खरा राजा असं त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. हेन्री गादीवर आल्या आल्या यॉर्कला गेला आणि त्याच्याकडून स्कारबरोचा किल्ला काढून घेतला. 1157मध्ये स्कॉटलंडचा राजा चौथा माल्कम याच्याकडून नॉर्थंबरलंड, कंबरलंड, वेस्टमरलंड परत घेतले. माल्कम तेव्हा जेमतेम 16 वर्षांचा पोरगा, बदल्यात त्याला दक्षिणेत हंटिंग्डनची जहागीर मिळाली. तुझं न्यूकॅसल पण तेव्हाच परत आलं.

हिशोबनीस
गडवेडा बरोबर आहे, पण किल्ला घेणं सोपं, तो हातात ठेवणं अवघड. माझ्या मते खरी कमाल वसुलीच्या हिशोबात आहे. प्रत्येक परगण्याला शेरीफ म्हणजे राजाचा अधिकारी, त्याने मक्त्यासारखी ठरलेली रक्कम भरायची आणि ईस्टर आणि मायकेलमस (म्हणजे सप्टेंबरअखेर) असं वर्षातून दोनदा एक्स्चेकरपुढे, म्हणजे राजाच्या हिशोबखात्यापुढे, हजर व्हायचं. तिथे टेबलावर चौकटीचौकटीचं कापड, त्यावर सोंगट्या सरकवून बेरीज-वजाबाकी, पावती म्हणून खाचा पाडलेली लाकडी काठी मधोमध चिरून अर्धी याला अर्धी त्याला, खोटेपणा करायला जागाच नाही. राजा कुठेही असो, हिशोब चुकत नाही. तुझ्या बुरुजाला 1,100 पौंडांच्या वर खर्च आला हे आज आपल्याला कळतं ते या हिशोबाच्या गुंडाळ्यांमुळे, पाइप रोल्स म्हणतात त्यांना.

निवांत_वाचक
भारीच. पण शेरीफ म्हणजे तिथलाच मोठा माणूस ना? कुंपणच शेत खायला लागलं तर?

हिशोबनीस
खातच होतं की! 1170मध्ये हेन्री चार वर्षांनी इंग्लंडात परतला तर तक्रारींचा ढीग. त्याने चौकशी लावली, कोणी कोणाकडून किती उकळलं ते शपथेवर विचारलं, आणि बहुतेक शेरीफ घरी बसवले. त्यांच्या जागी बरेचसे हिशोबखात्यातले, म्हणजे स्वतःच्या मर्जीतले लोक नेमले.

कायद्याचा_कीडा
सगळे पैशाबद्दलच बोलताय, कोर्टाचं काय? 1166च्या क्लॅरेंडनच्या फर्मानाने दर हंड्रेडमधल्या (तालुक्यासारखा भाग समजा) 12 माणसांनी आणि गावोगावच्या चार-चार जणांनी शपथेवर सांगायचं की आपल्याकडे दरोडेखोर, खुनी, चोर कोण आहेत. मग पाण्याची दिव्यपरीक्षा (पाण्यात सोडायचं, बुडला तर निर्दोष, तरंगला तर गुन्हेगार). त्यातून सुटला पण गावभर बदनाम असला तर आठ दिवसांत देश सोडायचा! आणि त्यात एक कलम असं, की राजाच्या शेरीफला आपल्या हद्दीत, अगदी किल्ल्यातसुद्धा, यायला कुठल्याही सरदाराने अडवायचं नाही. मला तर हे एक कलम दहा बुरुजांच्या बरोबरीचं वाटतं.

दुसरं म्हणजे जमीन. कोणी तुम्हाला शेतावरून हाकललं तर राजाच्या कचेरीतून हुकूमपत्र आणायचं, मग 12 शेजारी सांगणार की याला अन्यायाने काढलं का नाही. मालकी कोणाची तो वाद नंतर, आधी ताबा परत. साहजिकच लोक सरदाराच्या दारात जाण्यापेक्षा राजाच्या जजकडे जायला लागले, म्हणजे जबरदस्ती नाही, लोकांनाच सोयीचं झालं, आणि दंड-फीचा पैसा राजाला.

गडवेडा
कीडासाहेब मान्य, पण 1173-74 विसरू नका. स्वतःची पोरंच उलटली, पूर्वेकडे बिगॉडसारखे अर्ल उठले, स्कॉटलंडचा राजा विल्यम नॉर्थंबरलंडात घुसला तो जुलै 1174मध्ये अ‍ॅल्निकला पकडला गेला. तेव्हा काय हुकूमपत्रं कामाला आली? किल्लेच आले ना!

आणि सगळीकडे राजाचाच शेरीफ होता असंही नाही हं. न्यूकॅसलहून टाइन नदी ओलांडली की डरहॅम, तिथे बिशपचं राज्य. चेशर अर्लचं.

कायद्याचा_कीडा
डरहॅमचा मुद्दा कबूल. पण बंडानंतर काय झालं ते बघ ना. 1176मध्ये नॉर्थॅम्प्टनला देशाचे सहा भाग पाडले, प्रत्येकाला तीन फिरते जज. त्यांच्या कामाच्या यादीत खून-चोऱ्या आणि जमिनीचे खटले तर होतेच, शिवाय पाडायला सांगितलेले किल्ले खरंच पाडलेत का हे बघायचं कामही होतं 😄

निवांत_वाचक
म्हणजे तुमच्या दोघांचं भांडण जजनेच मिटवलं. पुढच्या रविवारी पूल ओलांडून डरहॅमला जातो, फोटो टाकतो.