थॉमस जेफरसन हायस्कूलची प्रवेश परीक्षा काढून टाकली ते योग्य का?

प्रश्न: अमेरिकेत व्हर्जिनियातल्या या नामांकित सरकारी विज्ञान शाळेची प्रवेश परीक्षा २०२० मध्ये बंद केली आणि लगेच एशियन मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं, हा अन्याय नाही का?

उत्तर १: मला नाही वाटत. आता प्रत्येक पब्लिक मिडल स्कूलला तिथल्या आठवीच्या मुलांच्या दीड टक्का इतक्या जागा मिळतात, म्हणजे जिथून कुणीच जात नव्हतं तिथलीही पोरं आली, आणि मार्कांची अट आहेच की.

उत्तर २: अहो पण वर्षानुवर्षं राबलेल्या पोरांनी काय करायचं? परीक्षेत निदान रंग कुणी बघत नाही.

उत्तर ३: रंग नसेल, पण क्लासची फी कुणाला परवडते ते परीक्षेत दिसतंच ना! न्यूयॉर्कच्या स्टायव्हेसंट या अशाच सरकारी शाळेत प्रवेशाला फक्त परीक्षा, २०१९ ला ८९५ जागांत कृष्णवर्णीय मुलं ७.

उत्तर १: आणि इथेही अर्ज तपासणाऱ्याला वंश कळत नाही.